जुन्या जीपच्या क्लचची थरथर: तीन प्लेट बदलूनही दोष परत का येतो

माझ्याकडे 1968 सालची महिंद्राची पेट्रोल जीप आहे. मॉडेल सीजे 3बी, स्टिअरिंग डावीकडे, आणि मागच्या पत्र्यावर पिवळ्या रंगात लिहिलेली ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ ही अक्षरे अजूनही वाचता येतात. काटोल भागातल्या संत्र्याच्या बागेत तिने उमेदीची वर्षे काढली आणि आता ती नागपुरात माझ्या घराच्या पोर्चमध्ये असते. या गाडीच्या क्लचमध्ये चार वर्षांत तीन प्लेट पडल्या, आणि तिन्ही वेळा तोच दोष परत आला. अशी जीप सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांकडून मी हीच तक्रार ऐकली आहे. तिचे मूळ बहुतेक वेळा शोधले जाते त्या जागी नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोष असा होता. पहिल्या गियरमध्ये क्लच हळूहळू सोडला की, प्लेट पकडू लागण्याच्या नेमक्या क्षणी सगळी गाडी थरथरायची, बॉनेट हलायचे, गियरचा दांडा हातात नाचायचा आणि गाडी दोन-तीन उसळ्या मारून मग निघायची. रिव्हर्समध्ये हे अधिक जाणवत असे. सपाट रस्त्यावर थोडा वेग आला की सगळे शांत होई, पण सेमिनरी हिल्सच्या चढावर सिग्नलला थांबून पुन्हा निघताना मागचा गाडीवाला घाबरून हॉर्न वाजवी, इतका हा झटका मोठा होता.

पहिल्यांदा क्लच प्लेट बदलली तेव्हा महिना-दीड महिना बरे वाटले. दुसऱ्यांदा प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट दोन्ही बदलल्या. तेव्हाही काही आठवडे सुख मिळाले आणि मग थरथर हळूहळू परतली. तिसऱ्यांदा फ्लायव्हील, म्हणजे प्लेट ज्याला पकडते ते इंजिनाचे जड चाक, लेथवर नेऊन त्याला फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेतला, नवी प्लेट, नवे रिलीज बेअरिंग, सगळे घातले, आणि गॅरेजच्या दारातून गाडी बाहेर काढतानाच ती पूर्वीइतकीच थरथरली. मिस्त्री हाताने चांगला होता, कामात कसूर करणारा नव्हता. तो बिचारा म्हणाला, ‘‘काकाजी, आता तं अंदर सगळं नवीनच हाये, मंग हे हलते कायले?’’ त्याचा प्रश्न अगदी योग्य होता, आणि उत्तरही त्यातच होते. आत सगळे नवे असूनही गाडी हलत असेल, तर हलवणारी गोष्ट आत नाही.

येथे एक भेद आधी स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडे ‘क्लच गेला’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे आजार कोंबले जातात. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या प्रमाणात वेग घेत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. पेडल पूर्ण दाबूनही गियर कडकड करत पडतो किंवा पडतच नाही, तेव्हा क्लच सुटत नसतो. आणि सोडताना गाडी थरथरते, तेव्हा प्लेट पकडते आहे, सुटतेही आहे, पण पकड एकसारखी न बसता तुटक तुटक बसते आहे. पहिल्या आजारात संशय झिजलेल्या किंवा तेलकट प्लेटवर आणि संपलेल्या फ्री प्लेवर (पेडलच्या सुरुवातीच्या मोकळ्या हालचालीवर) घ्यावा, दुसऱ्यात पेडलपासून फोर्कपर्यंतच्या जोडणीवर, पायलट बुशवर (गियर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचे पुढचे टोक ज्यात टेकते तो बुश) किंवा वाकलेल्या प्लेटवर. तिसऱ्या आजारात मात्र गियर बॉक्स उतरवण्याच्या आधी इंजिन चेसिसवर कसे बसले आहे हे पाहावे. हा क्रम उलटा झाल्यामुळे माझे तीन प्लेटचे पैसे आणि उन्हाळ्यातल्या कितीतरी दुपारी वाया गेल्या.

या जीपमध्ये क्लचची जोडणी कशी आहे ते समजून घेतले की पुढचे आपोआप कळते. पेडल चेसिसवर बसवलेले आहे. पेडलची ओढ एका आडव्या नळीवर जाते. या नळीचे एक टोक चेसिसच्या ब्रॅकेटवर टेकलेले असते आणि दुसरे टोक इंजिनाच्या बाजूला, बेल हाऊसिंगजवळ, म्हणजे क्लचवरच्या कवचाजवळ. नळी फिरली की तिच्या छोट्या हातातून निघालेली केबल किंवा रॉड रिलीज फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरवर, म्हणजे तिच्या छोट्या तरफांवर, दाबले जाते. म्हणजे पाय चेसिसवर उभा आहे आणि क्लच इंजिनावर. मधले इंजिन मात्र रबराच्या फाउंडेशनवर तरंगते आहे.

आता क्लच सोडताना काय होते ते पाहा. प्लेट पकडू लागते, इंजिनावर भार येतो, आणि रबरावर बसलेले इंजिन थोडे पुढे सरकते व थोडे कलते. इंजिन सरकले की चेसिस आणि फोर्क यांतले अंतर बदलते. तुमचा पाय जागचा हललेला नसतो, तरीही फोर्कवरची ओढ बदलते, आणि क्लच स्वतःहून किंचित सुटतो किंवा अधिक पकडतो. सुटला की भार कमी होऊन इंजिन मागे येते, मागे आले की पुन्हा पकड बसते, पकड बसली की पुन्हा पुढे जाते. ही ये-जा एका सेकंदात अनेकदा घडते आणि तिलाच आपण थरथर म्हणतो. प्लेट कितीही नवी आणि चांगली असली तरी या हेलकाव्यावर तिचा काही उपाय चालत नाही. उलट या धक्क्यांनी नव्या प्लेटचे फेसिंग, म्हणजे तिच्यावरचा घर्षणाचा थर, तापून काचेसारखे गुळगुळीत होते, आणि मग खरोखरच प्लेटही खराब होते. मिस्त्रीला उतरवल्यावर चकचकीत प्लेट दिसते, तो ती बदलतो आणि आजाराचे कारण सापडले असे सर्वांना वाटते.

ही ये-जा रोखण्यासाठी मूळ रचनेत एक साधी वस्तू दिलेली आहे: इंजिन स्टे केबल. जाड पोलादी तारेचा वीतभर तुकडा, टोकाला आटे, त्यावर नट. तिचे एक टोक इंजिनाच्या मागच्या बाजूला अडकते आणि दुसरे गियर बॉक्सखालच्या क्रॉस मेंबरला, म्हणजेच चेसिसला. इंजिन पुढे जाऊ लागले की ही केबल ताणली जाते आणि त्याला धरून ठेवते. तिचे काम एवढेच. अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जीपपासून ही युक्ती या घराण्यात चालत आली आहे.

माझ्या जीपमध्ये ही केबल नव्हती. क्रॉस मेंबरवर तिचे भोक होते, आणि त्या भोकाभोवती वॉशर बसून बसून घासलेला गोल ठसा स्पष्ट दिसत होता. म्हणजे कधीकाळी ती होती. ती गेली कुठे, याचाही उलगडा सोपा आहे. क्लचचे काम करायचे तर गियर बॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) खाली घ्यावे लागतात, त्यासाठी क्रॉस मेंबर काढावा लागतो, आणि क्रॉस मेंबर काढायचा तर स्टे केबल सोडावी लागते. परत बसवताना ही तार हातात राहते, तिच्याशिवायही गाडी जुळते, सुरू होते, चालते. मग ती कोपऱ्यातल्या डब्यात पडते आणि कायमची विसरली जाते. क्लचची थरथर घालवण्यासाठी केलेल्या कामातच थरथर रोखणारा भाग हरवतो, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत दुःखद वाटते. पुढच्या पिढीतल्या मिस्त्रींनी तर तो भाग कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

दोष हाच आहे का, हे तपासायला काही उतरवावे लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि समोर कोणालाही उभे राहू देऊ नये. एकाने आत बसून इंजिन मंद चालू ठेवावे, दुसऱ्या गियरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून क्लच अगदी हळू, फक्त भार जाणवेपर्यंत सोडावा आणि लगेच पुन्हा दाबावा. दुसऱ्याने बॉनेट उघडून बाजूने, हात आणि कपडे दूर ठेवून, पंखा आणि रेडिएटर यांतल्या अंतराकडे पाहावे. माझ्या गाडीत इंजिन जवळजवळ अर्धा इंच पुढे येऊन परत जात होते. इतकी हालचाल डोळ्यांना दिसत असताना मी चार वर्षे बेल हाऊसिंगच्या आत कारण शोधत होतो.

पुढची दोन आणि गियर बॉक्सखालचे असे फाउंडेशनचे रबर याच वेळी पाहावे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर इथे लवकर कडक होऊन तडकते. त्यावर इंजिनाचे तेल पडत असेल तर उलट ते फुगून लिबलिबीत होते. दोन्ही प्रकारची रबरे निकामीच समजावीत. पाना फाउंडेशनच्या पत्र्याखाली घालून उचलून पाहावे. रबर आणि पत्रा वेगळे झालेले असतील तर फट लगेच दिसते. आडव्या नळीच्या दोन्ही टोकांचे गोळे आणि बुश झिजून ढिले झाले असतील तर तेही बदलावेत, कारण तिथली ढिलाई फोर्कपर्यंत पोचेपर्यंत वाढलेली असते.

मूळ केबल जुन्या सुट्या भागांत मिळाली तर उत्तम. मला मिळाली नाही, म्हणून मी ती करवून घेतली. लेथवाल्याकडून दोन लहान दंडगोल करून त्यांना एका बाजूने आटे पाडले, दुसऱ्या बाजूच्या भोकात पोलादी वायर रोप घालून हायड्रॉलिक प्रेसवर दाबून पक्के केले. तारेऐवजी सरळ सळई घालण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही. तार फक्त ओढ घेते, इंजिनाची बारीक कंपने चेसिसकडे जाऊ देत नाही. सळई दोन्ही दिशांनी धरते, त्यामुळे सगळी कंपने बॉडीत उतरतात आणि काही दिवसांनी सळईच्या मुळाशी चीर पडण्याची भीती राहते.

ताण किती ठेवावा, यात चूक सहज होते. इंजिन बंद असताना, फाउंडेशनचे नट पूर्ण कसून झाल्यावर, केबल नुसती सरळ व्हावी इतकाच नट फिरवावा. हाताने आडवी दाबली तर किंचित लवली पाहिजे. अधिक आवळली तर ती इंजिनाला कायम मागे ओढत राहते, रबर तिरपे ताणले जाते आणि गाडी उभी असतानाही स्टिअरिंगमध्ये कंप येतो. ढिली ठेवली तर ती नसल्यासारखीच. नट बसल्यावर त्यावर दुसरा नट घालून लॉक करावा.

केवळ या केबलने आणि नव्या रबरांनी माझ्या गाडीची निम्म्याहून अधिक थरथर त्याच दिवशी गेली. उरलेली मात्र खरोखर क्लचमध्ये होती, कारण तिसरी प्लेट एव्हाना तापून चकाकली होती आणि तिच्या एका कडेला तेलाचा पट्टा होता. म्हणून शेवटी गियर बॉक्स एकदा आणखी उतरवला.

या कामाबद्दल फार लिहीत नाही, कारण ज्यांनी जीप उघडली आहे त्यांना ते माहीत आहे: मधला फ्लोअरचा पत्रा काढायचा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडायचे, इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्यायचा आणि मग गियर बॉक्स व ट्रान्स्फर केस एकत्रच मागे सरकवून खाली घ्यायचे. हे एकट्याने उचलण्याचे वजन नाही, आणि गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. चार भक्कम घोड्या लावाव्यात. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. बेल हाऊसिंगमध्ये जमलेली काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची आपल्याकडे सवय आहे. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ती पूड श्वासात जाणे फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि तोंडावर मास्क असावा.

तेल कुठून आले हे प्लेट बदलण्याआधी ठरवलेच पाहिजे. बोटावर घेऊन वास घ्यावा: गियर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, इंजिन ऑइलला नसतो आणि ते काळे असते. गियर ऑइल असेल तर इनपुट शाफ्टजवळून ते येत आहे, आणि अनेकदा कारण एवढेच असते की बुचाच्या काठापर्यंत भरायचे तेल कोणीतरी त्याहून जास्त भरले आहे. इंजिन ऑइल असेल तर आपण लगेच क्रँकच्या मागच्या सीलवर बोट ठेवतो. सील बदलावेच, पण त्याआधी इंटेक मॅनिफोल्डजवळचा व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह काढून पाहावा. तो काजळीने बंद झाला की रिंगांमधून उतरणारा वायू क्रँककेसमध्ये कोंडतो आणि तो दाब मिळेल त्या वाटेने तेल बाहेर ढकलतो. मग नवे सीलही फार दिवस टिकत नाही. माझ्या गाडीतला व्हॉल्व्ह हलवल्यावर वाजत नव्हता, आत कोळशासारखा थर बसला होता. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून साफ केल्यावर तो मोकळा झाला आणि मागची गळती जवळजवळ थांबली.

तेलकट प्लेट पेट्रोल टाकून पेटवून ‘भाजून’ परत बसवण्याची पद्धत पूर्णपणे टाळावी. वरचे तेल जळते, आत मुरलेले राहते. गाडी तापल्यावर ते पुन्हा पृष्ठभागावर येते. शिवाय आगीने प्लेट वाकते आणि फेसिंगचे रिव्हेट सैल होतात.

बसवताना मी तीन ठिकाणी वेळ दिला. पहिले फ्लायव्हील. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर डायल गेज लावून फ्लायव्हील हाताने एक पूर्ण फेरा फिरवले, तेव्हा काठाजवळ काटा 9 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) हलला. फेसिंग मारून आणलेले फ्लायव्हील इतके कसे हलते म्हणून ते सोडले, तर त्याच्या आणि क्रँकच्या फ्लँजच्या मध्ये लेथवरचा एक बारीक छिलका अडकलेला होता, तांदळाच्या कणीएवढा. दोन्ही पृष्ठभाग पुसून, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळत परत बसवल्यावर काटा 3 थाऊच्या पुढे गेला नाही. नव्या प्लेटसह गॅरेजच्या दारातच गाडी का थरथरली, याचा दुसरा भाग त्या छिलक्यात होता.

दुसरे प्रेशर प्लेटच्या तीन फिंगर. तिन्हींची उंची सारखी नसेल तर बेअरिंग एका फिंगरवर आधी टेकते, प्लेट एका बाजूने आधी पकडते, आणि ते थरथरीचे स्वतंत्र कारण ठरते. डब्यातून आलेल्या नव्या प्रेशर प्लेटमध्येही हा फरक मला मिळाला आहे, म्हणून नवी आहे म्हणजे बरोबर आहे असे धरू नये. बसवल्यावर मोजावे आणि गरज असेल तर जुळवून घ्यावे.

तिसरे, गियर बॉक्स आत सरकवताना त्याचे वजन प्लेटच्या हबवर लटकू न देणे. प्लेट मधोमध बसवण्यासाठी भंगारातला एक जुना इनपुट शाफ्ट मी वापरला, आणि बेल हाऊसिंगच्या दोन भोकांत लांब स्टड लावून त्यांवरून गियर बॉक्स सरळ आत सरकवला. दाते जुळत नाहीत म्हणून बोल्ट आवळून गियर बॉक्स ओढून घेण्याची घाई केली की प्लेट वाकते, आणि वाकलेली प्लेट बाहेरून ओळखू येत नाही. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा अगदी पुसट हात पुरतो. जास्त लावलेले ग्रीस उडून फेसिंगवरच जाते. पायलट बुश नवा असेल तर बसवण्याआधी तेलात भिजवावा. रिलीज बेअरिंग मात्र कधीही रॉकेलमध्ये धुऊ नये, त्याच्या आतले ग्रीस निघून जाते आणि ते महिन्याभरात ओरडू लागते.

सर्व जुळल्यावर पेडलचा फ्री प्ले सुमारे 1 इंच ठेवला. प्लेट झिजते तसा हा फ्री प्ले वाढत नाही, कमी होतो, हे पुष्कळांना उलटे वाटते. फेसिंग पातळ झाले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या फिंगर मागे, बेअरिंगकडे येतात. फ्री प्ले शून्य झाला की बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि क्लच घसरू लागतो. म्हणून नव्या प्लेटनंतर पहिल्या 500 किलोमीटरमध्ये तो दोनदा तपासावा.

चाचणीसाठी गाडी रामटेकला नेली. गडावर मंदिराकडे जाणाऱ्या चढाच्या रस्त्यावर मुद्दाम चार ठिकाणी थांबून पहिल्या गियरमध्ये निघालो, आणि एकदा रिव्हर्समध्येही थोडे मागे घेतले. गियरचा दांडा जागचा हलला नाही. त्यानंतर दोन उन्हाळे गेले आहेत आणि त्या प्लेटवर गाडी तशीच चालते आहे. दर उन्हाळ्याच्या शेवटी फाउंडेशनचे नट आणि स्टे केबलचा ताण पाहतो, कारण रबर थोडे बसले की केबल ढिली होते. आतापर्यंत एकदा अर्धा फेरा आवळावी लागली.

पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी राहिली की वेगळीच अडचण येते: दमट हवेने फ्लायव्हीलवर गंज धरतो आणि प्लेट त्याला चिकटते, मग पेडल दाबूनही क्लच सुटत नाही. जुलै ते सप्टेंबरमध्ये मी दर आठवड्याला इंजिन सुरू करून क्लच दहा-बारा वेळा दाबून सोडतो. तेवढे शक्य नसेल, तर सीटच्या चौकटीला टेकेल अशी एक लाकडी पट्टी कापून घ्यावी आणि पेडल दाबलेल्या स्थितीत तिने अडवून ठेवावे. मात्र स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधावी, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी पट्टी न काढता गाडी सुरू करणार नाही.